नवरदेवाचा जुळा भाऊ

"ताईबाई, याला हात लावायचा नाही हं!" एवढं बोलून सुकदेव सायकलवर टांग टाकून स्टँडकडे निघून गेला. पुढे जे जे घडलं ते या एका वाक्यामुळे घडलं, पण हे त्याला कळायला बुधवार उजाडावा लागला.

ताईबाई दीड वर्षाच्या. सुकदेवची आजी वारली आणि वर्षाच्या आत ही मुलगी झाली, म्हणून नाव आजीचंच ठेवलं. आजीचा दरारा असा, की त्या नावाला 'अगं' लावायची घरात कुणाची छाती नव्हती. त्यामुळे दुपट्यातल्या ताईबाईंनाही सगळे पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करत. "ताईबाई, चप्पल तोंडात घालू नका." "ताईबाई, मांजरीची शेपटी सोडा बरं."

ताईबाई ऐकत, पण उलटं. कर म्हटलं की ढिम्म हलायच्या नाहीत आणि करू नका म्हटलं की ते झालंच म्हणून समजा. त्यांच्या आईने, प्रमिलाने, त्यावर तोड काढली होती. वरणभाताचा घास पुढे धरायचा आणि म्हणायचं, "हा घास तुमचा नाही हं, बाबांचा. तोंड उघडायचं नाही!" की ताईबाईंनी आ वासलाच. दीड वर्षाच्या जागरणांतून बिचारीने एवढं एक शास्त्र कमावलं होतं. सुकदेवला व्हॉल्व्हचं शास्त्र येत होतं, हे येत नव्हतं.

'याला' म्हणजे नव्या स्पीकरच्या काळ्या कागदी पडद्याला. जळगावच्या शनिपेठेत सुकदेवचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, त्याच्या मागे वीतभर अंगण. गेले दोन महिने तो एक अ‍ॅम्प्लिफायर बांधत होता. आतमध्ये नारिंगी उजेडाने पेटणारे व्हॉल्व्ह, त्याच पेटीत खाली स्पीकर. पारोळ्याच्या भाईदास मास्तरांच्या बँडसाठी.

मास्तरांची गोष्ट अशी, की मागच्या मोसमात जामनेरच्या एका वरातीत धुळ्याचा एक बँड समोरून आला आणि त्यांच्या आवाजापुढे मास्तरांचा बँजो पार विरून गेला. वऱ्हाडी मास्तरांना सोडून तिकडे नाचायला गेले. नवरदेवाचा घोडासुद्धा तिकडे वळला. मास्तरांना वऱ्हाड्यांचं एवढं नाही, घोड्याचं फार लागलं.

"सुकदेवभाऊ," मास्तर तेव्हा दुकानात येऊन म्हणाले होते, "माले मोठा आवाज नको. मोठा आवाज त त्या धुळावालासना बी शे. माले जाड आवाज पाह्यजे. तार छेडी की कापड फाटना गत वाजाले पाह्यजे!"

"त्यालाच गेन म्हणतात, मास्तर," सुकदेवने सांगितलं होतं. "गेन म्हणजे आवाज वाढवणं नव्हे. बोट हळूच पडलं तरी व्हॉल्व्हला राग आला पाहिजे. तो राग सूर न सोडता बाहेर काढायचा, हीच तर कला आहे."

आज रविवारी मास्तर दोन पेट्या ऐकून निवड करणार होते. एक बंद पडलेल्या तंबू टॉकीजमधून आणलेली जुनी पेटी, तिला घरात 'म्हातारा' म्हणत. दुसरी ही नवी. तिचं नाव 'नवरदेव', कारण तिला अजून पुढचं कापड लावायचं होतं आणि ती सारखी आरशासमोर असल्यासारखी पुसली जात होती.

"नवरदेव पास झाला," सुकदेव म्हणाला होता, "की आखाजीला आपण तिघं चोपड्याला, तुझ्या माहेरी!"

प्रमिलाच्या दोन आखाज्या हुकल्या होत्या. पहिलीला पोटात ताईबाई होत्या आणि एसटीत बसायची बंदी होती. दुसरीला ताईबाईंना ताप होता. साऱ्या खान्देशातल्या लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन झोके घेतात, आणि ही दोन वर्षं शनिपेठेत बसून दुसऱ्यांच्या माहेराहून आलेल्या सांजोऱ्या खात होती. यंदाची आखाजी शुक्रवारी होती.

सुकदेव गेला. प्रमिलाने जाळीचं हिरवं कापड कापून ठेवलं आणि शेजारच्या भिकुबाईंबरोबर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला अंगणात गेली. ज्वारीचा शिजवलेला घाटा गार व्हायच्या आत उरकायला हवा होता. ओल्या फडक्यावर दहा-बारा बिबड्या थापून झाल्या आणि तिचा हात थांबला. घरातून काहीच ऐकू येत नव्हतं. ज्या घरात लहान मूल असतं तिथे आवाजाची भीती नसते, शांततेची असते.

ती आत धावली. ताईबाई नवरदेवासमोर मांडी घालून बसल्या होत्या. हातात उलथनं होतं, आणि ते मुठीपर्यंत स्पीकरच्या पडद्यात गेलेलं होतं. आईला पाहून त्यांनी ते ओढून बाहेर काढलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "ना-यी."

पडद्याला चांगली चार बोटं लांब, चंद्रकोरीसारखी फाट पडली होती.

"माय व!" मागून आलेल्या भिकुबाईंनी तोंडाला पदर लावला. "आते काय करशी व पोरी?"

करायचं काय? नवरा वीस मिनिटांत स्टँडवरून मास्तरांना घेऊन येणार. नवा स्पीकर मुंबईहून यायचा. प्रमिलाने एकदा ताईबाईंकडे बघितलं, एकदा हाताला लागलेल्या घाट्याकडे बघितलं आणि बिबडीच्या फडक्याचा एक तुकडा टर्रकन फाडला. त्याला बोटाने घाटा फासून तो फाटीवर चिकटवला, पेटी उचलून अंगणात उन्हाला लावली. जळगावचं चैत्र संपतानाचं ऊन, ते दगडसुद्धा वाळवतं. पंधरा मिनिटांत ठिगळ खडखडीत वाळलं. एक कोपरा मात्र बिबडीच्या कडेसारखा वर वळला. तो दाबायला वेळ नव्हता, सायकलची घंटा वाजली होती. तिने वर हिरवं कापड ताणून खिळे ठोकले, आणि पेटी जागेवर ठेवून चहाचं आधण ठेवलं.

"भिकुआक्का, तुम्हाला ताईबाईंची शपथ."

"मी काय देखंच नही बाई," म्हणत भिकुबाई बिबड्यांकडे गेल्या.

मास्तरांबरोबर कौतिक आला होता. हा बँजोवाला. टाइपरायटरसारख्या बटणांचा बँजो मांडीवर घेऊन वीस वर्षं ढोलाशेजारी बसल्यामुळे त्याला कानाने फार कमी ऐकू येई. तो गुडघ्याने ऐकायचा. पेटीला गुडघा टेकवून बसायचा, आणि गुडघ्याला पटलं तर एकच शब्द बोलायचा.

आधी म्हातारा वाजला. आवाज भरदार, गोल, तुपात तळल्यासारखा. सुकदेवने गेनचं बटण पुढे नेलं तसा तो जरा खोकला, पण सभ्यता सोडली नाही.

"ग्वाड शे," मास्तर म्हणाले. "पन हाऊ आवाज देऊळना शे भाऊ. माले लगीनना पाह्यजे."

कौतिकच्या गुडघ्याने मत दिलं नाही.

मग नवरदेव. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं. ते मिनिट प्रमिलाने दाराच्या आड ताईबाईंना छातीशी धरून, डोळे मिटून काढलं. आखाजी, झोका, आईच्या हातच्या सांजोऱ्या, सगळं त्या मिनिटात येऊन गेलं.

कौतिकने पहिलं बटण दाबलं.

मांजरपाटाचं अख्खं ठाण कुणीतरी मधोमध फाडत नेलं असा आवाज आला. फाडताना त्यात ऊस चरकात जातो तशी घरघर, वर वाळली बिबडी मोडावी तसा कुरकुरीतपणा, आणि या सगळ्या दंग्याच्या आत सूर मात्र सरळ, धारेसारखा. फळीवरचे रेडिओ थरथरले. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली.

सुकदेवचं तोंड पांढरं पडलं. हा आवाज त्याने बांधलेलाच नव्हता! तो बटण बंद करायला झेपावला, तर मास्तरांनी त्याचा हात वरच्या वर पकडला.

"हात काढ! हाऊच शे तो आवाज! कसा कुरकुरीत फाटस!"

"कडक," कौतिकचा गुडघा म्हणाला.

सुकदेवचा हात हवेत होता. तो त्याने हळूच केसांवरून फिरवला.

"नाही, म्हणजे... मुद्दामच तसं ठेवलंय," तो म्हणाला. "पहिल्या टप्प्याला दोन व्हॉल्व्ह जोडून दिले की राग दुप्पट होतो. सगळ्यांना नाही जमत."

दाराआड प्रमिला सांगायला ओठ उघडत होती. पण दोन महिन्यांत तिने नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता. तिने ओठ मिटले आणि चहात साखर जास्त टाकली.

सोमवारी नवरदेव जामनेरच्या लग्नात गेला. मंगळवारी सकाळी मास्तर हातगाडीवरून त्याला मिरवतच परत आले. पेटीला हळदकुंकू लावलेलं, वर नारळ, कडीला लिंबू-मिरची.

"काय सांगू वहिनी! नवरदेवना मामानं धोतर सुटनं, तरी तो नाची राह्यंता! आनि घोडा..." मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. "घोडा जागावरून हालना नही!"

"वा!" सुकदेव म्हणाला.

"आते ऐक. आखाजीना दिन मनी दोन लगीन शेत. दोन्ही जागे हाऊच आवाज पाह्यजे. येना जुळा भाऊ कर. गुरुवारी सकायले लई जासू. नमुनाले ही पेटी ठी लय, पन खोलानी नही! बसेल देव उठाडाना नही, सांगी ठेवस."

व्हॉल्व्ह बदलायला पेटीच्या मागे छोटी झडप होती, पण स्पीकरचा कप्पा सुकदेवने स्वतःच सरस लावून कायमचा बंद केला होता, वरातीतली धूळ जाऊ नये म्हणून. त्यात आता मास्तरांचा नारळ. प्रमिलाने मनातल्या मनात त्या नारळाला नमस्कार केला.

सुकदेव कामाला लागला. दुसरी पेटी तयारच होती, स्पीकरही त्याच खोक्यातला, त्याच दिवशी आलेला. मंगळवारी दुपारपर्यंत नवरदेवाचा जुळा भाऊ उभा राहिला. त्याला 'करवला' म्हणायचं ठरलं. कापड लावायच्या आधीच सुकदेवने त्यावर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाची गिटार जोडली. करवला गायला लागला. इतका गोड, इतका नम्र, की भिकुबाईंनी अंगणातून हात जोडले.

"गेन कमी पडतोय," सुकदेव म्हणाला आणि गेन वाढवला. करवला मोठ्याने गोड वाजू लागला.

मग नवरदेवाचे व्हॉल्व्ह करवल्यात गेले, करवल्याचे नवरदेवात आले. नवरदेव कुणाचेही व्हॉल्व्ह घालून फाटत होता, करवला कुणाच्याही व्हॉल्व्हने फाटत नव्हता. सुकदेवने वही काढली. मग चष्मा. मग उपाशीपोटी तिसरा चहा.

"अहो, स्पीकरचं तर काही नसेल?" प्रमिलाने पोळी लाटता लाटता, खाली मान घालून विचारलं.

"स्पीकर जुळे आहेत गं. आईच्या पोटातून बरोबर आलेले. तुला नाही कळायचं, हा गेनचा प्रश्न आहे."

असं म्हटल्यावर प्रमिलाने पोळी जरा जास्तच जोरात लाटली.

बुधवारी सकाळी वना आला. वना म्हणजे प्रमिलाचा धाकटा भाऊ, बहिणीला न्यायला मुराळी म्हणून चोपड्याहून आलेला. येताना केळ्यांचा घड खांद्यावर. "अक्का, पिशवी भर. उद्या दुपारची गाडी. आईने आंब्याच्या झाडाला दोर बांधलाय."

त्याच वेळी सुकदेव डोळ्यांखाली काळं घेऊन पुढच्या खोलीतून आला.

"वनाभाऊ, तुम्ही उद्या पुढे व्हा. घोटाळा ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. सगळी तार उलगडून पुन्हा गुंडाळावी लागेल. मी यंत्र फिरवणार, वेढे मोजायला प्रमिलाच लागते. तिच्यासारखं मोजणारं कुणी नाही. आखाजी काय, पुढच्या वर्षीही येते."

वना बहिणीकडे बघू लागला. प्रमिला यंत्राशेजारी जाऊन बसली. ताईबाई तिच्या मांडीवर. सुकदेव दांडा फिरवू लागला, ती मोजू लागली.

"एक, दोन, तीन..."

शंभर झाले. दोनशे झाले. तीनशे झाले. चारशेला नाक ओढल्यासारखं वाटलं.

"चारशे अकरा. चारशे बारा. ताईबाईंनी स्पीकरमध्ये उलथनं खुपसलं होतं. चारशे तेरा. चारशे चौदा..."

दांडा थांबला.

"किती?"

"चारशे चौदा."

"ते नाही गं! काय खुपसलं?"

"उलथनं. रविवारी. तुम्ही स्टँडवर गेलात तेव्हा. चार बोटं फाटला. मी बिबडीच्या घाट्याने फडकं चिकटवलं. एक कोपरा नीट बसला नाही, तोच थरथरतो. मी सांगणार होते, पण तुम्ही दोन व्हॉल्व्ह जोडल्याचं सांगत होतात." एवढं एका दमात सांगून तिने ताईबाईंना पोटाशी घट्ट धरलं. जणू आता उलथनं तिच्याच अंगावर येणार होतं.

वनाने केळं सोलता सोलता तोंड भिंतीकडे वळवलं. त्याची पाठ हलत होती.

सुकदेवने दांडा सोडून दिला. अगदी लहान आवाजात म्हणाला, "म्हणजे माझा गेन...?"

"तुमचा गेन आहेच हो," प्रमिला म्हणाली. "थोडी बिबडीही आहे."

तो उठला. कारागीर माणूस, रागवायच्या आधी करून बघणार. नवं पातं घेऊन त्याने करवल्याच्या पडद्याला मोजून चार बोटांची सरळ चीर दिली आणि वाजवून पाहिलं. करवला सर्दी झाल्यासारखा शिंकला, बस.

"फार नीट कापलंत," वना म्हणाला. "भाचीने नीट थोडंच कापलं असेल!"

सगळ्यांनी ताईबाईंकडे बघितलं.

ताईबाईंना सन्मानाने करवल्यासमोर बसवण्यात आलं. हातात उलथनं दिलं. "ताईबाई, खुपसा बरं," सुकदेव म्हणाला. ताईबाईंनी उलथनं खाली ठेवलं.

"खुपसा ना राणी. इथे, इथे बघा."

ताईबाईंनी त्याच्याकडे पाठ केली.

"केळं देतो," वना म्हणाला. ताईबाईंनी केळं घेतलं, खाल्लं, साल करवल्यावर ठेवलं.

सुकदेव घामाघूम झाला. "हिला झालंय काय? रविवारी तर कुणी न सांगता..."

"न सांगता नाही," प्रमिला म्हणाली. "जाताना तुम्ही काय म्हणाला होतात, आठवा."

सुकदेवने आठवलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू त्याच्यावर हसू फुटलं. हे व्हॉल्व्हचं शास्त्र नव्हतं, पण शास्त्र होतं. त्याने गळा साफ केला, बोट उगारलं आणि आजीच्या नावाचा मान राखून, जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हणाला,

"ताईबाई! याला हात लावायचा नाही हं!"

तिघांनीही भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. तिघं ते मन लावून वाचत राहिले. वनाने एकादशी कधी आहे तेही बघून घेतलं.

मागून आवाज आला, "खर्रर्र..."

आणि पाठोपाठ, तृप्त होऊन, "ना-यी."

पुढचं काम प्रमिलाचं. भिकुबाईंकडून वाटीभर घाटा आला, फडकं आलं, पेटी उन्हाला लागली. सुकदेवची सरळ चीर घट्ट चिकटवली, ताईबाईंच्या फाटीवरच्या ठिगळाचा एक कोपरा मात्र मुद्दाम मोकळा सोडायचा होता. तो किती सोडायचा हे सुकदेव तिला विचारत होता, ती सांगत होती आणि तो वहीत लिहून घेत होता.

गुरुवारी सकाळी मास्तर आणि कौतिक आले. दोन्ही पेट्या शेजारीशेजारी मांडल्या. कौतिकने एक गुडघा नवरदेवाला लावला, दुसरा करवल्याला. मास्तरांनी डोळे मिटले. गिरणीवाल्याने आपणहून गिरणी बंद केली.

एकदा हा फाटला, एकदा तो फाटला. कुठला कुठला हे मास्तरांना डोळे उघडल्याशिवाय सांगता येईना.

"कडक," कौतिक म्हणाला. मग जन्मात पहिल्यांदा त्याने दुसरा शब्द काढला. "दोन्ही."

"बठ्ठा खान्देशमा अशी पेटी नही!" मास्तरांनी सुकदेवचे हात धरले. "भाऊ, हाई तुनाच हातनी कारागिरी ना?"

सुकदेवने दाराकडे बघितलं. प्रमिला पिशवी घेऊन उभी होती. नवी बांगडी, डोक्यावर पदर, कडेवर ताईबाई.

"घरचंच काम आहे, मास्तर," तो म्हणाला. "माझ्याकडे फक्त गेन."

हातगाडी निघून गेली. वना रिक्षा बघायला गल्लीच्या तोंडाशी गेला. सुकदेवने दुकानाच्या फळ्या लावल्या, कोपऱ्यातली काळी पाटी पुसली आणि सुवाच्य अक्षरात लिहून ती कडीला टांगली. प्रमिलाने वाचलं.

'मुख्य कारागीर आजोळी गेले असल्यामुळे दुकान सोमवारपर्यंत बंद राहील.'

तिच्या कडेवरून ताईबाईंनीही पाटी बघितली. अक्षरं पांढरीशुभ्र होती, ओली वाटत होती आणि हाताच्या अंतरावर होती. त्यांचा हात पुढे आला.

"अं हं, ताईबाई," सुकदेव बोट उगारून म्हणाला, "हे पुसायचं..."

भर गल्लीत, गिरणीवाल्यासमोर, डोक्यावरचा पदर सांभाळत प्रमिलाने नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला.